गोजरबाईचा पहारा

“‘पोरगी चांगली हाय’ एवढं म्हणताना तुपल्या जिभेला काटा टोचतो का गं, गोजर?”

“म्हणते की, दाजी. पुढं ती इचारील, तब्येत कशी? मग?”

“मग म्हणायचं, ठणठणीत.”

“आन् फिटंचं?”

“हळू बोल!” संतरामनं दाराकडं बघितलं. गिरणीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. “फिट-फिट काय लावलंस? अकरा वर्षं झाली, एकदा बी आली न्हाई पोरीला. गोळी घेती, मजेत राहती. बीपीची गोळी म्या बी घेतो. म्हणून माझं लग्न मोडलं का?”

“तुमचं आता कोण मोडायला बसलंय?”

“बघ, बघ! नको तिथं तोंड कसं चुरूचुरू चालतं. आन् कामाच्या वक्ताला कुलूप.” संतराम दळणाच्या डब्यावर बसला होता, तो उठला. “परवा जनकाबाई येणार. नवऱ्या पोराची, प्रमोदची आत्या. त्यांच्या घरात तीच सगळी चौकशी करती. माझं कोण खरं धरतंय? मी बाप. ती येणार तुझ्याकडं. तू पोरीला वाढवलंस, तुला सगळं ठावं.”

“खोटं न्हाई बोलायची मी.”

“बरं, खरं बी बोलू नको.”

“मग गप बसते.”

“गप?” त्यानं कपाळावर हात मारून घेतला. “अगं, सख्खी मावशी गप बसली म्हंजी बाई काय समजंल? घरात कायतरी जळून राहिलंय, असंच ना? एकदा तुझं बोलणं नडलं. आता तुझं गप बसणं नडंल. पोरगी एकतीसची झाली, गोजर. तिसरं स्थळ कुठून आणू मी? आपल्या लोकांची घरं किती, बोटावर मोजावी इतकी.”

“तोंडावर पहारा ठेवला म्या, दाजी. देवापुढं ठेवला. तुमी चर्चच्या मंडळीचे वडील. तुमाला काय सांगायचं?”

“पहारा दारावर ठेवत्यात. तू भिंत बांधून घेतलीस.”

एवढं बोलून संतरामनं टोपी झटकली आणि कळमनुरीच्या रिक्षाला हात करायला तो रस्त्यावर गेला. दळण तसंच राहिलं.

संतराम गोजरबाईच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण आशाबाई वारली तेव्हा तिची सरिता अकरा वर्षांची होती. गोजरबाईला मूलबाळ नव्हतं. तिनं आणि जळबानं, तिच्या नवऱ्यानं, पोरीला उचलून इकडं आणलं. कळमनुरीपासून दोन कोसांवर, रस्त्याला लागून ही गिरणी आणि मागं दोन खोल्या. जळबाच्या आज्यापासूनचं हे ख्रिस्ती घर. गावात तेवढं एकच.

आई गेल्यानंतरच्या वर्षी सरिताला पहिली फिट आली. शाळेतून आल्यावर, ओसरीत. जळबा कांदा शोधायला धावला, मग चप्पल हुंगवू म्हणाला. गोजरबाईनं दोन्ही झिडकारलं आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. पुढं नांदेडचे डॉक्टर, रोजची गोळी, आणि घरातल्या तिघांचं आणि संतरामचं एकमेकांना वचन: ही गोष्ट या उंबऱ्याबाहेर जायची नाही.

आता गोजरबाईच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे चाळणीत पाणी राहण्यासारखं होतं. गावात म्हणायचे, बातमी एसटीनं पाठवली तर उद्या पोचते, गोजरबाईला सांगितली तर काल पोचलेली असते. गिरणीचा धंदाच तसा. बायका डबे घेऊन येणार, नंबर लागेस्तोवर बसणार, पिठासारखं बारीक बोलणार. मोटारीच्या घरघरीवरून ऐकू जाईल असा एक आवाज गोजरबाईनं कमावला होता आणि समोरच्याच्या नुसत्या ओठांवरून तिला बोलणं कळायचं. पण सरिताची गोष्ट तिनं बारा वर्षं राखली. हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं, आणि सांगता तर येतच नव्हतं.

ती बाहेर पडली ती गिरणीत नव्हे. देवाच्या घरात.

कळमनुरीला पत्र्याच्या एका हॉलमध्ये रविवारी उपासना भरते. दहा-बारा घरांची मंडळी. शेवटी पाळक विचारतात, “कुणाची प्रार्थना विनंती?” मग एकेक बाई उठते. नवऱ्याची दारू सुटू दे, सुनेचं मन वळू दे, भावकीतला खटला मिटू दे. सगळे डोळे मिटतात, सगळे ‘आमेन’ म्हणतात, आणि दुपारच्या जेवणापर्यंत कुणाचा नवरा किती पितो ते अख्ख्या मंडळीला माहीत होतं. हीच गोष्ट बाजारात केली तर कुटाळकी. डोळे मिटून केली तर विनंती. यात काही वावगं आहे असं कधी कुणाच्या मनात आलं नव्हतं, गोजरबाईच्या तर नाहीच.

सात वर्षांपूर्वी सरिताचं लग्न जमलं होतं. परभणीकडचा मुलगा. साखरपुडा झालेला. सरिता म्हणाली होती, “मावशी, पुढच्या रविवारी ते येणार आहेत. मी त्यांना सांगणार आहे सगळं. माझं मी. तू काही बोलू नकोस.”

“म्या कशाला बोलू?” गोजरबाई म्हणाली. पण तिचा जीव टांगणीला लागला. जळबा जाऊन तीन वर्षं झालेली, मन मोकळं करायला दुसरं माणूस नाही. आधीच्या रविवारी पाळकांनी विचारलं आणि ती उभी राहिली. डोळे घट्ट मिटले. “प्रभू, माझ्या सरिताला बळ दे. तिच्या फिटंचं तिला त्या घरी सांगायचं हाय. तिची वाचा अडखळू देऊ नको, बापा. त्यांचं मन मोठं कर.” इतक्या मनापासून ती आयुष्यात कधी बोलली नसेल. दोन-तीन बायका हुंदके देत होत्या.

“आमेन,” सगळे म्हणाले.

तिनं डोळे उघडले. मागच्या चटईवर एक पाहुणी बाई बसली होती, रूपाबाई म्हणून, लेकीकडं आलेली, परभणीच्या मंडळीतली. सगळ्यांचे डोळे अजून ओले, अर्धे मिटलेले. रूपाबाईचे मात्र टक्क उघडे होते.

मंगळवारी अंगठी परत आली.

सरिता रडली नाही. कपडे भरताना एवढंच म्हणाली, “मी सांगणार होते, मावशी. रविवारी.” त्याच आठवड्यात ती नांदेडला गेली. तिथं औषधांच्या एका दुकानात काउंटरवर लागली, बायकांच्या वसतिगृहात राहिली. बापाला भेटायला कळमनुरीपर्यंत यायची. पुढं दोन कोस कधी आली नाही.

गोजरबाई पाळकांकडं गेली तेव्हा त्यांनी स्तोत्रातली विनवणी तिला समजावून दिली: देवा, माझ्या तोंडावर पहारेकरी बसव, माझ्या ओठांचं दार तू राख. ती घरी आली आणि तिनं तेवढंच धरलं. जे माणूस समोर नाही, त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. वाईट नाहीच, चांगलंही नाही. प्रार्थनेतसुद्धा नाही.

सोपं नव्हतं. गिरणीत कुणी म्हणालं, “आगं गोजरबाई, ऐकलं का, त्या वरच्या आळीतल्या...” की ती स्टार्टर दाबायची. मोटार घूं करून उठायची आणि बाईचं तोंड नुसतं हलत राहायचं. ओठांवरून कळू नये म्हणून गोजरबाई भिंतीकडं बघायची.

“हिच्या मोटारीला चहाडीचा वास येतो बाई,” शेजारची मिना म्हणायची. “नाव निघालं की सुरूच!”

“उद्या माझी सासू मेली हे सांगायला आले तरी ही बटण दाबंल!”

बायका हसायच्या. गोजरबाईलाही हसू यायचं, ते ती पदरात घ्यायची.

कधी पाय घसरायचाच. एकदा बोलता बोलता ती म्हणून गेली, भिकाबाईची सून आठ वाजता उठती. त्याच संध्याकाळी पिठाचे हात धुऊन ती भिकाबाईच्या दारात उभी. “सून कुठं हाय? तिच्यामागं तिचं नाव घेतलं म्या. चुकलं माझं.” झालं! सासू-सुनेचं जे जुंपलं ते आळीभर ऐकू आलं. भिकाबाई महिनाभर सांगत फिरली, “मागं बोलली ती बोलली, वर पुढं येऊन सांगती! असला कसला देव गं हिचा?”

हळूहळू बायका फाट्यावरच्या नव्या गिरणीत जायला लागल्या. तिथलं पीठ जाडंभरडं यायचं, पण बसायला बाक होता आणि बोलायला मोकळीक. पिठाचा डबा घेऊन जाताना त्या गोजरबाईच्या दारावरून मान वळवून जायच्या. मिना तेवढी यायची, तीही डबा ठेवून निघून जायची, नंतर न्यायची.

गिरणीत गर्दी होती तेव्हा गोजरबाईला घराची आठवणही होत नव्हती. आता दिवस दिवस तिला आपला आवाज ऐकू यायचा नाही. एकदा गावात आलेल्या मीटरवाल्यानं काही विचारलं, तर ती उत्तर द्यायला गेली आणि घशातून नुसती खरखर आली. परवापासून आपण कुणाशी शब्द बोललो नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. मोटार चालू असली म्हणजे मात्र ती ओठ हलवायची. सरिताचं नाव घ्यायची. तेवढ्या घरघरीत ते तिचं तिलाही ऐकू येत नसे, म्हणून ते चालतं असं तिनं ठरवलं होतं.

फोन लावायची. दोनदा वाजला की बंद करायची.

जनकाबाई आली ती दुपारी. अंगानं आडवी, डोळ्यांनी उभी, हातात पाच किलो गव्हाची नवीकोरी पिशवी. दुकानातून शिवून आलेलं तोंडसुद्धा उसवलेलं नव्हतं.

“जय ख्रिस्त, बाई. दळण हाय जरासं.”

“एवढ्या लांबून?” गोजरबाई म्हणाली.

जनकाबाई मोकळेपणानं हसली. “कळलं ना? बरं झालं. आता सरळ बोलते. आमच्याकडं म्हणत्यात, पोरगी बघायला घरी जाऊ नये, गिरणीत जावं. घरी पोहे मिळत्यात, गिरणीत खरं मिळतं. पोरगी कशी हाय?”

गोजरबाईचा हात आपोआप स्टार्टरकडं गेला. दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला.

“लाईट गेलीय,” जनकाबाई म्हणाली. “येताना फाट्यावर बी नव्हती.” आणि पोत्यावर बैठक मारून बसली. “सांगा.”

गिरणी इतकी गप कधीच नव्हती. कुठंतरी चिमणी पिठात चोच मारत होती, तेही ऐकू येत होतं. मनात संतराम बोलत होता: दोन शब्द, गोजर. नुसते दोन शब्द.

“तुमी तिलाच इचारा,” ती म्हणाली.

“आता बाई! पोरीला इचारून कुणी पोरीची चौकशी करतं व्हय?”

“मग करू नका.”

“रागावू नका हो. तुमी वाढवलंत म्हणून आले. चांगली म्हणायला काय लागतं? तुमी चांगलं बी म्हणून न्हाई राहिल्या, वाईट बी न्हाई. मी घरी जाऊन काय सांगू? मावशी भिंतीकडं बघत होती?”

गोजरबाईनं मान भिंतीवरून वळवली.

“आन् एक राहिलं,” जनकाबाईचा आवाज उतरला. “पहिलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं. काहून मोडलं? पोराकडून का पोरीकडून?”

“माझ्याकडून.”

“म्हंजी?”

“माझ्या तोंडामुळं मोडलं. पोरीचा त्यात राईएवढा दोष नव्हता.” आवाज फाटत होता. “काय बोलले ते न्हाई सांगायची. ते तिचं हाय, तिनं सांगायचं. ती तुमाला खोटं न्हाई सांगणार. मी एवढंच सांगू शकते की चूक माझी.”

जनकाबाई उठली. गव्हाची पिशवी तिथंच ठेवली. “ऱ्हाऊ द्या. पुन्हा कधी आले तर नेईन,” म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर आठ दिवस गोजरबाईला अन्न गोड लागलं नाही. ‘तिचं हाय, तिनं सांगायचं.’ म्हणजे काहीतरी आहे हे आपण सांगून बसलो. गप बसलो असतो तरी तेच. बोललो तरी तेच. दुसऱ्यांदा मोडलं. संतरामचा फोन आला नाही. करायची तिची छाती झाली नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती चाळणी झाडत होती. दारातला उजेड कमी झाला.

“मावशी.”

सरिता अंगानं भरली होती. चष्मा लागला होता. खांद्याला पर्स, केस मागं घट्ट बांधलेले. सात वर्षं.

“ये. ये ना. बस. पाणी आणते...”

“पाणी नको. जनकाबाई आल्या होत्या ना?”

“व्हय.”

“काय सांगितलंस त्यांना?”

“तुझं काही न्हाई सांगितलं गं. शपथ...” गोजरबाई थांबली. “शपथ न्हाई घेत. पण न्हाई सांगितलं.”

“माहीत आहे. त्यांनी मला फोन केला. म्हणाल्या, मावशी म्हणती तुलाच विचार. मी म्हटलं, विचारा. सगळं सांगितलं. प्रमोदला तर मी पहिल्याच भेटीत सांगितलेलं.”

“मग? काय म्हणला तो?”

“विचारलं, गोळी जेवायच्या आधी असती का नंतर.”

“बस?”

“बस.”

गोजरबाई पोत्यावर टेकली. “ठरलं म्हण की.”

“ठरलं. पुढच्या महिन्यात.”

“देवाची स्तुती असो. बाई, देवाची...”

“थांब. मी ते सांगायला नाही आले.” सरिता अजून उंबऱ्यातच उभी होती. “जनकाबाई म्हणाल्या, लग्न माझ्या तोंडामुळं मोडलं असं मावशी स्वतः म्हणाली. खरं आहे?”

“खरं हाय. म्हणले.”

“एका अनोळखी बाईला म्हणालीस. दळणाचं निमित्त करून आलेल्या. मला काहून नाही?”

गोजरबाईचे ओठ हलले.

“मोठ्यानं बोल. मोटार बंद आहे.”

“म्या... समोर नसलेल्या माणसाचं नाव घ्यायचं न्हाई असं...”

“मी समोर यायला तयार होते की! भिकाबाईच्या दारात गेलीस तू. तिची सून किती वाजता उठती, तेवढ्यावरून. बाबांनी हसत हसत सांगितलं मला. मी नाही हसले. नांदेड लांब पडलं का गं? दीड तासाची बस.”

“देवाजवळ रोज माफी मागितली, लेकरा. रोज.”

“देवाचं लग्न मोडलं होतं का?”

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. दोघी तो जाईपर्यंत थांबल्या, जणू त्याचंच काही बोलणं चाललं होतं.

“तू बोललीस ते एकदाच बोललीस, मावशी,” सरिता म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. “ते प्रेमानं बोललीस, एवढं मला त्याच दिवशी कळलं होतं. दुखलं, पण कळलं होतं. नंतरचं नाही कळलं. फोन दोनदा वाजून बंद व्हायचा. तुझा नंबर. मी परत लावला की तू उचलायची नाहीस. मला वाटलं, माझाच राग धरून बसली. आईनंतर कोण होतं मला?”

“भ्याले गं.”

“मला?”

“तोंडाला. उघडलं की पुन्हा कायतरी मोडंल म्हणून.”

“म्हणजे पहारा तुझ्यासाठी होता. माझ्यासाठी नव्हता.”

गोजरबाई उठली. हात पदराला पुसले, पीठ पदराला लागलं. सात वर्षं तिनं ज्याला साधना म्हटलं होतं, त्याच्या आडोशाला ती उभी होती, आणि पोरीनं तो आडोसा सहज बाजूला सारला होता. बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज गिरणीतला नव्हता, उपासनेतलाही नव्हता.

“तुझी गोष्ट तुझी होती. तू सांगणार होतीस, तुझ्या तोंडानं, तुझ्या दिवशी. ती म्या तुझ्या तोंडातून काढून घेतली. लग्न म्या मोडलं. आन् मग तुझ्याकडं यायचं सोडून मोठी देवभक्त होऊन बसले. माझं चुकलं, सरिता.”

पुढं सांगण्यासारखं पुष्कळ होतं. किती रडले, किती दिवस जेवले नाही, लोक कसे तुटले, घर कसं खायला उठतं. जुनी जीभ सगळं घेऊन दातांपर्यंत आली. ऐकलं असतं तर पोरगी विरघळली असती, हे गोजरबाईला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिनं ते गिळलं.

सरितानं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला.

“लग्नाला येऊ का मी?” गोजरबाईनं विचारलं.

सरितानं पर्स खांद्यावर नीट केली. क्षणभर मावशीच्या पिठाळलेल्या पदराकडं बघितलं. मग ती वळली, दोन पायऱ्या उतरली आणि कळमनुरीच्या रस्त्याला लागली.